पुनर्जन्माची प्रकरणे आणि पडताळ्याचा प्रश्न

(जयपूर येथील मराठी भाषक श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी जयपूरला यावयाचे ठरले, तेव्हा विषय निवडण्याचे श्रम मला पडले नाहीत. विज्ञानाच्या सीमेवर वर्षानुवर्षे घुटमळत राहिलेल्या दाव्यांची पारख कशी करावी, हा मी मराठीत आणलेल्या या पुस्तकाचा विषय; आणि त्या विषयातला भारतापुरता एक महत्त्वाचा अध्याय याच शहरात लिहिला गेला आहे. १९६० नंतरच्या दशकात राजस्थान विद्यापीठात परामानसशास्त्राचा एक स्वतंत्र विभाग होता. तेथे मागील जन्माच्या आठवणी सांगणाऱ्या मुलांची प्रकरणे गोळा केली जात. विभागाचे संचालक हेमेंद्रनाथ बॅनर्जी हे त्यापूर्वी श्रीगंगानगरच्या एका संस्थेत हेच काम करीत होते. १९६२ ते १९६७ या काळात डॉ. संपूर्णानंद राजस्थानचे राज्यपाल होते आणि त्यांनाही या विषयाचे मनापासून आकर्षण होते. १९७० च्या सुमारास बॅनर्जी अमेरिकेस गेले, तेथेच राहून त्यांनी पुस्तके लिहिली, आणि १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. जयपूरचा विभागही टिकला नाही. आज त्या विभागाचे नाव काढले की काही लोक हसतात आणि काही हळहळतात. हे हसणे आणि हळहळणे दोन्ही बाजूला ठेवून, त्या कामातून कोणता प्रश्न उरला, एवढेच मला पाहावयाचे आहे.

मी व्यवसायाने भाषांतरकार आहे आणि माझे शिक्षण मराठी साहित्यात झालेले आहे. विज्ञानाची पदवी माझ्यापाशी नाही. त्यामुळे माझी वाट शब्दांवरूनच जाते. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९६६ मध्ये वीस प्रकरणांचा जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्याच्या शीर्षकात एक लहानसे विशेषण आहे. ही प्रकरणे पुनर्जन्म ‘सुचविणारी’ आहेत, असे ते शीर्षक म्हणते. ‘सिद्ध करणारी’ असे म्हणत नाही. पुढे तर त्यांनी याहून सावध शब्द योजला आणि ‘पुनर्जन्म-प्रकारची प्रकरणे’ असे म्हणू लागले. उलट बॅनर्जींनी आपल्या विषयाला ‘मस्तिष्कबाह्य स्मृती’ असे नाव दिले. वरवर पाहता दुसरे नाव अधिक शास्त्रीय वाटते. पण जरा थांबून पाहा : हे नाव घेताच आपण दोन गोष्टी मान्य करून बसतो. मूल सांगते ती स्मृतीच आहे, आणि ती मेंदूबाहेर कोठे तरी राहिलेली आहे. जे शोधायचे तेच नावात येऊन बसले! वर्तमानपत्रांनी स्टीव्हन्सन यांचे विशेषणही फार काळ टिकू दिले नाही. मथळ्यात ‘सूचक’ हा शब्द मावत नाही. ‘सिद्ध’ मात्र मावतो.

आता एक प्रकरण पाहू. मध्य प्रदेशातील एका शिक्षणाधिकाऱ्याची तीन-साडेतीन वर्षांची मुलगी वडिलांबरोबर प्रवास करीत असता कटनी गावाजवळ वाहनचालकाला म्हणाली, की गाडी ‘माझ्या घराकडे’ वळव. पुढे काही वर्षे ती कटनीतील आपल्या पूर्वीच्या घराविषयी बोलत राहिली. तिचे कुटुंब छत्रपूरला राहावयास गेल्यानंतर, १९५९ च्या मार्च महिन्यात, बॅनर्जी तेथे आले. घराविषयीची तिची विधाने त्यांनी टिपून घेतली, आणि ते टिपण घेऊन ते कटनीस गेले. केवळ त्या टिपणाच्या आधारे आपण घर शोधून काढले, असे त्यांनी नोंदविले आहे. १९६१ मध्ये स्टीव्हन्सन भारतात आले आणि त्यांनी हे प्रकरण पुन्हा तपासले. त्यांच्या वीस प्रकरणांत भारतातील सात आहेत, त्यांत हे एक. श्रोत्यांपैकी कोणाला वाटेल, की झाले, पडताळा आला. बॅनर्जींनी पाहिले, स्टीव्हन्सननी पाहिले, दोघांना तेच दिसले.

येथेच खरी अडचण सुरू होते. ‘पडताळा’ या शब्दाचा मी मुद्दाम आग्रह धरला आहे. इंग्रजी संज्ञेसाठी ‘पुनरावृत्ती’ हा शब्द कोशात सापडतो, पण पुनरावृत्ती म्हणजे तेच पुन्हा करणे. पडताळा म्हणजे दुसऱ्याने, आपल्या हाताने, पहिल्याच्या सांगण्यावर न विसंबता ताडून पाहणे. हिशेबनीस वही लिहितो आणि तपासनीस बेरीज पुन्हा करतो, तसे. तपासनिसाला बेरीज करता येते, कारण आकडे जागचे हललेले नसतात. मुलाच्या आठवणींचे तसे नाही. बॅनर्जी कटनीला जाऊन आल्यानंतर आणि दोन्ही घरांची गाठ पडल्यानंतर, स्टीव्हन्सन यांच्यापुढे जी मुलगी बसली होती ती १९५९ च्या मार्चमधली मुलगी उरलेली नव्हती. तिच्या सभोवतालची माणसेही तीच उरलेली नव्हती. कोणती गोष्ट तिने आधी सांगितली आणि कोणती भेटीनंतर कळली, हे आता साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून होते. आणि साक्षीदारांची स्मरणशक्ती कशी असते, हे न्यायालयात एक दिवस बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

याच्या उलट, पडताळा जेथे सोपा असतो तेथे तो कसा असतो, याचे उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मकुंडल्या जमविल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस कुंडल्या पाठवावयाच्या, आणि कोणती कुंडली हुशार मुलाची व कोणती मतिमंद मुलाची एवढेच त्याने सांगावयाचे. एक्कावन्न जणांनी तयारी दर्शविली, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. यशाचे सरासरी प्रमाण शेकडा सेहेचाळीस आले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर शेकडा पन्नासाच्या आसपास आले असते. हा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या चाचणीचे सौंदर्य तिच्या निष्कर्षात नाही; कोणालाही ती उद्या पुन्हा करता येईल, यात आहे. कुंडल्या बदला, ज्योतिषी बदला, परीक्षक ज्योतिषाचे भक्त असू द्या, रीत तीच राहते.

परामानसशास्त्राला हा सोपा मार्ग ठाऊक नव्हता असे समजू नये. अमेरिकेत जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० नंतरच्या वर्षांत हाच मार्ग धरला होता. पंचवीस पत्ते, पाच चिन्हे, आणि न पाहता ओळखणे. विषय प्रयोगशाळेत आणला, म्हणजे कोणालाही तो पडताळता येईल, ही त्यांची धारणा चुकीची नव्हती. इंग्लंडमधील गणितज्ञ एस. जी. सोल यांनी १९४१ ते १९४३ या काळात केलेले प्रयोग तर अनेक वर्षे या शास्त्राचा मुकुटमणी मानले गेले. त्यांच्या आकड्यांत मागाहून घुसडलेले अंक आहेत आणि यश नेमके त्याच ठिकाणी साठले आहे, हे १९७८ मध्ये बेटी मार्कविक या बाईंनी संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या बाई विरोधी गोटातल्या नव्हत्या. सोल यांच्यावरील आक्षेपांतून त्यांना मुक्त करता येईल अशा आशेने त्यांनी काम आरंभले होते. ऱ्हाइन यांच्या स्वतःच्या संस्थेतही १९७४ मध्ये संचालकाची लबाडी सहकाऱ्यांनीच पकडली, आणि ऱ्हाइन यांनीच ती जाहीर केली. संशय हा नेहमी बाहेरच्या शत्रूनेच घ्यावयाचा असतो, ही आपली समजूत या दोन उदाहरणांनी ढिली व्हावी.

आणि ही व्याधी एकट्या परामानसशास्त्राची नाही. डॅरिल बेम या मान्यवर मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये नऊ प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे घडणाऱ्या घटनेचा परिणाम माणसाच्या आधीच्या उत्तरांवर होतो, असे त्यांतील आठ प्रयोगांवरून दिसते, असा त्यांचा दावा होता. तीन संशोधकांनी त्यांतील एका प्रयोगाचा पडताळा घेतला. परिणाम आढळला नाही. ज्या नियतकालिकाने मूळ लेख छापला होता, त्याने हा पडताळा छापण्यास नकार दिला. कारण असे, की आम्ही पडताळे छापत नाही! शेवटी २०१२ मध्ये तो अन्यत्र छापून आला. या प्रकरणाने मानसशास्त्रज्ञ स्वतःच्या घराकडे पाहू लागले. २०१५ मध्ये त्यांच्या शास्त्रातील शंभर प्रकाशित अभ्यासांच्या पडताळ्याचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी शेकडा सत्त्याण्णव अभ्यासांचा निकाल लक्षणीय होता. पडताळ्यात तो शेकडा छत्तीसांचाच निघाला. भुताखेतांच्या शास्त्राला हसणाऱ्यांच्या घरातली भांडी अशी निघाली.

असो. मी पुन्हा राजस्थानकडे वळते, कारण मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे प्रकरण येथून शंभर किलोमीटरांच्या आसपास असलेल्या टोंक गावाशी निगडित आहे. काँकरोलीतील एक मुलगा आपण पूर्वजन्मी टोंकला सुतार होतो आणि विजेच्या धक्क्याने मेलो, असे सांगू लागला. ही दोन गावे एकमेकांपासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. टोंकला त्या वर्णनाशी जुळणारा एक मृत मनुष्य सापडला. या प्रकरणाचा तपास दोघांनी मिळून केला. एक बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा, आणि दुसरे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड बार्कर. या दोघांनी १९७९ मध्ये आग्रा जिल्ह्यातील फतेहाबाद तहसिलीची पद्धतशीर पाहणी एकत्रच प्रसिद्ध केली होती, आणि अशी प्रकरणे हजार लोकांमागे सुमारे दोन आढळतात असे सांगितले होते. म्हणजे एकमेकांच्या कामावर विश्वास असलेले हे सहकारी होते. टोंकच्या प्रकरणात मात्र त्यांचे मतभेद झाले. दोन्ही कुटुंबांची गाठ पडण्यापूर्वी मुलाने नेमके काय सांगितले होते, याविषयीच्या कथनांत मेळ बसत नव्हता. पसरिचांचा कल असा, की सामान्य मार्गाने मुलाला ही माहिती मिळणे कठीण होते. बार्कर यांचे म्हणणे असे, की मुलाची काही मोघम विधाने, ती जुळवून घेण्यास उत्सुक असलेली माणसे, आणि दोन्हीकडून वाहत गेलेली माहिती, एवढ्यावर प्रकरणाचा उलगडा होतो. १९८१ मध्ये त्यांनी संयुक्त लेख प्रसिद्ध केला आणि आपापली भिन्न मते त्यातच मांडली. १९८३ मध्ये पसरिचांनी आपल्या मताला पोषक अशी आणखी माहिती प्रसिद्ध केली.

हा संयुक्त लेख मला या साऱ्या वाङ्मयातला अत्यंत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. एकाच अंगणात दोघे बसले, तेच साक्षीदार पाहिले, आणि घरी दोन वेगळी उत्तरे घेऊन गेले. याला कोणी अपयश म्हणेल. माझ्या मते त्यांनी आपल्याला पुराव्याची नेमकी मर्यादा दाखविली : जी वही लिहावयास हवी होती ती वेळेवर लिहिली गेली नाही, म्हणून पुरावा दोन्ही वाचने सहन करतो. प्रयोगशाळेतही असेच एक जोडीचे काम झाले आहे. इंग्लंडचे रिचर्ड वाइजमन संशयवादी, अमेरिकेच्या मेरिलिन श्लिट्झ या क्षेत्रातल्या अभ्यासक. पाठीमागून कोणी टक लावून पाहत असल्यास माणसाच्या शरीराला ते जाणवते काय, हा प्रश्न दोघांनी एकाच जागी, त्याच उपकरणांनी तपासला. श्लिट्झबाईंच्या प्रयोगांत परिणाम दिसला, वाइजमन यांच्या प्रयोगांत दिसला नाही. १९९७ आणि १९९९ अशा दोन्ही अहवालांत तेच. मग त्यांनी अधिक काळजीने तिसरा प्रयोग केला. २००६ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यात दोघांच्याही वाट्याला काही आले नाही.

मग मुलांच्या प्रकरणांत वेळेवर वही लिहिली गेली असेल अशी काही उदाहरणे आहेत काय? आहेत, आणि पहिले महत्त्वाचे उदाहरण एका भारतीय गृहस्थाचे आहे. बरेलीचे वकील केकयनंदन सहाय यांचा स्वतःचा लहान मुलगा बनारसमधील पूर्वजन्माविषयी बोलू लागला, तेव्हा हे गृहस्थ त्याला उचलून बनारसला घेऊन गेले नाहीत. त्यांनी आधी मुलाची विधाने १९२६ मध्ये अलाहाबादच्या ‘लीडर’ वृत्तपत्रात छापून टाकली आणि वाचकांनी ती पडताळावीत असे सुचविले. वकिलीचा व्यवसाय कामी आला म्हणावयाचे. पुरावा आधी दाखल करावयाचा, युक्तिवाद नंतर! ज्या घरात आपलेच मूल ‘माझे खरे वडील दुसरे आहेत’ असे म्हणत आहे, त्या घरातल्या बापाने एवढा धीर दाखवावा, याचे मला विद्यापीठांच्या विभागांपेक्षा अधिक कौतुक वाटते.

अशी लेखी नोंद आधी झालेली प्रकरणे फार थोडी आहेत. स्टीव्हन्सन यांचे एके काळचे साहाय्यक चॅम्प रॅन्सम यांनी केलेल्या हिशेबाप्रमाणे सुमारे १,१११ प्रकरणांपैकी केवळ अकरा प्रकरणांत तपास सुरू होण्यापूर्वी दोन्ही कुटुंबांची गाठ पडलेली नव्हती. हा आकडा ऐकून संशयवाद्यांना आनंद होतो. पण त्यांनी पुढचा एक आकडाही ऐकावयास हवा. १९९८ मध्ये सायबो शौटेन आणि स्टीव्हन्सन यांनी भारत व श्रीलंका येथील १०३ प्रकरणांची तुलना केली. त्यांपैकी २१ प्रकरणांत विधाने पडताळणीपूर्वी लिहून ठेवलेली होती. ८२ प्रकरणांत ती नंतर लिहिली गेली. लोकांच्या स्मृतीने आणि श्रद्धेने मुलाच्या तोंडी नसलेली विधाने घातली असतील, तर नंतर लिहिलेल्या प्रकरणांत विधाने अधिक असावीत आणि बरोबर ठरण्याचे प्रमाणही चढे असावे. आढळले ते वेगळेच. आधी लिहिलेल्या प्रकरणांत सरासरी २५.५ विधाने, नंतरच्यांत १८.५, बरोबर विधानांचे प्रमाण पहिल्यांत शेकडा ७६.७, दुसऱ्यांत ७८.४. म्हणजे अपेक्षित फुगवटा दिसला नाही.

हा निष्कर्ष पुनर्जन्मवाद्यांनी डोक्यावर घ्यावा इतका भक्कम नाही आणि विरोधकांनी दुर्लक्ष करावे इतका कच्चाही नाही. २१ ही संख्या लहान आहे. जो बाप किंवा जो संशोधक आधी लिहून ठेवतो, तो मुळातच अधिक काळजीपूर्वक ऐकणारा असणार, म्हणून त्याच्या वहीत विधाने जास्त असणार. आणि नोंद आधी झाली म्हणून मुलाला ती माहिती सामान्य मार्गाने आधीच मिळाली नसेल, असे ठरत नाही. शिवाय या तुलनेचा एक कर्ता स्वतः स्टीव्हन्सनच आहेत. ‘स्वतंत्र’ हा शब्द या विषयात फार सैल वापरला जातो. अँटोनिया मिल्स यांनी उत्तर भारतात, एर्लेंदूर हाराल्डसन यांनी श्रीलंकेत आणि युर्गेन काइल यांनी तुर्कस्तान, ब्रह्मदेश व थायलंड येथे मिळून १२३ प्रकरणे तपासली आणि १९९४ मध्ये अहवाल दिला. त्यांनी आपापली प्रकरणे स्वतः शोधली, हे खरे. पण रीत स्टीव्हन्सन यांचीच होती. रीतीतच दोष असेल, तर तीच रीत तीन प्रामाणिक माणसांनी वापरल्याने तो दोष तीनदा उमटेल. याउलट विरोधी पक्षाचे किती लोक वही घेऊन खेड्यापाड्यांत गेले? बार्कर गेले. मद्रासचे तत्त्वज्ञ सी. टी. के. चारी यांनी या प्रकरणांवर अत्यंत मार्मिक टीका लिहिली. विसरलेली माहिती स्मृतीच्या रूपाने कशी परत येते, श्रद्धेचा समाज मुलाच्या बडबडीला कसा आकार देतो, हे त्यांनी दाखविले. परंतु बहुतेकांनी घरच्या आरामखुर्चीत बसूनच नकार दिला. घरबसल्या केलेला नकारही एक प्रकारची श्रद्धाच आहे, असे मला वाटते.

आता थोडे माझ्या व्यवसायाविषयी, कारण तेथे मला विशेष सांगण्यासारखे आहे. नागपुरातील एका मराठी स्त्रीच्या ठिकाणी १९७४ पासून काही काळाने ‘शारदा’ नावाची दुसरीच व्यक्ती प्रकट होई. ती बंगाली बोले, मराठी तिला कळत नसे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगालमधील आपल्या घराण्याची माहिती ती सांगे. तिने सांगितलेली काही नावे जुन्या वंशावळीत सापडली. मात्र त्या वंशावळीत नावे पुरुषांचीच होती, म्हणून शारदा त्यात असणे शक्यच नव्हते. स्टीव्हन्सन व पसरिचा यांनी १९७९ मध्ये या प्रकरणाचा अहवाल दिला आणि मानसशास्त्रज्ञ व. वि. अकोलकर यांनी १९९२ मध्ये विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या बंगालीविषयी जाणकारांचे एकमत झाले नाही. पण तपासात एक गोष्ट पुढे आली : या स्त्रीला बंगालची ओढ होती, बंगाली लिपीचा थोडा परिचय होता, आणि तिने बंगाली कादंबऱ्या भाषांतरांतून वाचल्या होत्या. हे वाचताना मी चपापले. मामा वरेरकरांनी शरदबाबूंना मराठीत आणले तेव्हापासून मराठी घरांत बंगाली पोखरणी, बंगाली वहिनी आणि बंगाली विरह किती खोल मुरले आहेत! भाषांतरातून भाषा शिकता येत नाही, हे मान्य. ओघवती बंगाली कोठून आली हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पण शारदेची घरे, नाती, देवधर्म, रीतिरिवाज यांतले किती या सामान्य वाटेने आले असेल, हे कोणी मोजले आहे? संशोधक शेजारीपाजारी आणि नातलग यांच्या साक्षी काढतात. घरातले पुस्तकांचे कपाट हाही एक साक्षीदार आहे.

दुसरी गोष्ट दुभाष्याची. स्टीव्हन्सन यांना हिंदी येत नव्हती. भारतातील मुलाखती त्यांनी दुभाष्यांच्या मार्फत घेतल्या. त्यातून चुका होऊ शकतात हे त्यांनी स्वतः लिहिले आहे आणि काही ठिकाणी एकाहून अधिक दुभाषे वापरले आहेत. तरीही अंतिम नोंद इंग्रजीत होते, आणि तक्त्यात ‘विधान बरोबर’ किंवा ‘विधान चूक’ असे लागते ते त्या इंग्रजी वाक्यापुढे. मी उदाहरणे कल्पनेने देते, कोणत्याही एका प्रकरणातली नव्हेत. मूल ‘भाई’ म्हणाले; तो सख्खा, चुलत की गावकीच्या नात्याचा? ‘चाचा’, ‘ताऊ’, ‘मौसा’, ‘फूफा’ हे सारे इंग्रजीत एकाच शब्दात विरघळतात, आणि मग कोणता तरी काका सापडतोच. ‘कल’ म्हणजे काल की उद्या, हे क्रियापदावरून ठरते, आणि तीन वर्षांच्या मुलाचे क्रियापद धड असते थोडेच! ‘बिजली से मरा’ एवढेच मूल म्हणाले, तर ती आकाशातली वीज की तारेतली? हिंदीत दोन्ही बिजलीच, आणि मराठीतही दोन्ही वीजच. दुभाषी लबाड असण्याची गरज नाही. समोर विजेच्या तारेने मेलेल्या माणसाचे घर असेल, तर चांगला, सहृदय दुभाषी आपोआप तारेतली वीजच निवडील. मीही तीच निवडली असती. वाक्याला अर्थ यावा यासाठीच आम्ही भाषांतरकार दिवसभर खपतो. तपासाच्या कामी मात्र अर्थ आणण्याची ही सवय घातक आहे.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते, की या विषयातल्या वह्या मुलाच्या बोलीत लिहिल्या जाव्यात : ढुंढाडीत बोलले तर ढुंढाडीत, वऱ्हाडीत बोलले तर वऱ्हाडीत, तुटक असेल तर तुटक. आता खिशातल्या दूरध्वनीवर आवाज टिपता येतो, त्यामुळे पूर्वीची सबबही राहिली नाही. टिपलेला आवाज दिनांकासह तिसऱ्या माणसाच्या हवाली करावा, आणि तो तिसरा माणूस पुनर्जन्म न मानणारा असेल तर अधिक बरे. त्यानंतर खुशाल गाव शोधावे.

यात आणखी एक पक्ष आहे, ज्याचे नाव अहवालांच्या शीर्षकांत येत नाही. दूरच्या एखाद्या घरात, ज्याचा कर्ता माणूस अकाली गेला आहे तेथे, एके दिवशी परके लोक एका लहान मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, हा तुमचाच. त्या घरातली विधवा किंवा आई त्या मुलाला जवळ घेते. ती त्या क्षणी पुरावा देत नसते. तिला तो नाकारण्याचे कारणही नसते. पुढे संशोधक तिला विचारतो, की मुलाने आपण होऊन तुम्हाला ओळखले, की कोणी सुचविले? तिच्या उत्तरावर तक्त्यातली एक ओळ भरते. अशा बाईच्या सांगण्यावर मी संशय घेते तेव्हा तिला खोटी ठरवीत नाही. तिच्यावर साक्षीदाराचे काम लादणाऱ्या रीतीवर संशय घेते. आणि मुलाचाही विचार करावा. ही मुले दोन ते चार वर्षांची असताना बोलू लागतात आणि पाच ते आठ वर्षांची होईपर्यंत बहुधा विसरतात. ज्याचे बोलणे वर्तमानपत्रात आले, त्या मुलाला विसरण्याची मोकळीक किती मिळते? दोन घरे, दोन आया, आणि गावभर तेच नाव. वही आधी लिहिली आणि गावाचा शोध घाईने केला नाही, तर निदान काही महिने त्या मुलाला नुसते मूल म्हणून राहता येईल.

माझ्या पुस्तकातील संज्ञांविषयी, विशेषतः ‘पडताळा’ या शब्दाविषयी, आपल्यापैकी काहींचे आक्षेप आहेत असे अध्यक्षांनी मला आधीच सांगितले आहे. त्यांच्यासाठी वेळ राहावा म्हणून मी येथे थांबते.